बोट उचलल्याचा निरोप

दुपारचे तीन. कापणी झालेल्या धानाच्या बांधीत
स्टेजच्या फळ्या अजून ठोकणं चालू,
आणि मी तट्ट्यामागे उकिडवा,
तोंडात टॉर्च, हातात पाच दातांची वायर.

कीबोर्डच्या पाठीवर तीन भोकं: इन, आउट, थ्रू.
ऑक्टोपॅडच्या पाठीवर दोन.
लॅपटॉपला असलं भोकच नाही,
त्याच्यासाठी नागपूरहून मागवलेली डबी,
एक डोळा लाल, एक हिरवा.

पहिल्यांदा मी आउटमध्ये आउटच जोडलं.
दोघंही बोलत राहिले, ऐकणारं कोणी नाही,
त्यामुळे सगळं कसं शांत.

पतिराममामा स्टूल ओढून बसले.
एकवीस सिझन या मंडळात त्यांनी पायपेटी वाजवली,
आता पडदा ओढतात.
"याचा भाता कोठी हाय?"
भाता नाही, मामा.
"मंग सूर कोठून निंगते?"
लॅपटॉपमधून.
"आन् या वायरीतून का जाते?"

हेच सांगणं कठीण.
वायरीतून सूर जात नाही.
जातो नुसता निरोप:
कोणती पट्टी दाबली, किती जोरानं,
आणि बोट केव्हा उचललं.
सूर ज्याचा त्यानं तिकडे काढायचा.

मामांनी वायर तळहातावर घेऊन तोलली.
"म्हंजे कोतवालच म्हन ना याले.
सौताचं काही नाही,
याचं त्याले सांगत फिरते."

जनरेटर लागला तसा स्पीकर घुमू लागला.
लोकचंदनं मातीत सळई ठोकली,
तिच्या मुळाशी बादलीभर पाणी ओतलं,
घूं विरली.
मग सूर उशिरा यायला लागला,
एवढासाच, वडशाहून आलेल्या फोनसारखा:
मी हॅलो म्हणावं आणि तिकडे आधी श्वास ऐकू यावा.
बफर कमी केला. पुन्हा कमी केला.
अंधार पडता पडता बोट आणि आवाज
एका जागी आले.

रात्री अडीच. तिसरा अंक.
तणसावर घोंगड्या, घोंगड्यांत माणसं,
स्टेजवर वैजयंता, हातात मुलाचं पत्र.
बासरीचा पंचम मी धरून ठेवलेला,
ती "बाळा" म्हणेल तेव्हा सोडायचा.
विंगेतून शिपायाची वर्दी घातलेला मुरलीधर धावला
आणि त्याचा बूट वायरीत अडकला.

मी बोट उचललं.
सूर उठला नाही.

बोट हवेत, पंचम तिकडे चालूच.
त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.
वैजयंतानं एकदा विंगेकडे पाहिलं,
"बाळा" म्हणाली नाही.
खाली बसली. पत्राची घडी घातली,
आणखी एक घातली,
घडी होईना इतकं लहान होईस्तोवर.
एवढ्या थंडीत कोणी खोकललं नाही.

सगळे सूर थांबवायचं बटण कुठे आहे
मला ठाऊक होतं. हात निघालाही होता.
मामांनी मनगट धरलं.
"राहू दे."

ती उठली, कोणी चुलीपासून हाक मारल्यासारखी,
आणि आत गेली.
तेव्हा त्यांनी हात सोडला.

सकाळी चहा पिता पिता
मी वायरी कोपर-अंगठ्यात गुंडाळत होतो.
लॅपटॉपवर रात्र अख्खी उमटलेली,
हिरव्या आखूड रेघा, रांगेनं,
रोवणा नुकताच झालेल्या बांधीसारख्या.
त्यांत एकच आडवी, लांबच लांब.
एक्केचाळीस सेकंद.

मामांनी तिच्यावर नख ठेवलं.
"हा धुरा कोनं घातला?"

कोणीच नाही, मामा.
मी बोट उचललं होतं.
निरोप पोचला नाही.

"बरं झालं," म्हणाले,
आणि पडद्याची घडी घालायला गेले.