रुमालाखाली

बाबगोंडा, तीस वर्षं मी तुझ्या बोटांशी बोललो.
तोंडानं आपण पावसापाण्याचं, पोरांच्या लग्नांचं बोलायचो;
भाव मात्र रुमालाखाली.
केवली, अवारू, उधानू...
दहा व्यापाऱ्यांचे पंजे तू दाबून घ्यायचास
आणि एकही आकडा न सांडता
ढिगापाशी उभा राहून भाव फोडायचास.
कागद लागायचा तो आम्हाला.

मग एका फाल्गुनात तुझा हात थांबला.
थांबला म्हणजे किती? एक शिंक यावी इतका.
राजापुरीचा सौदा, चाळीस पोती,
यार्डात पिवळा धुरळा, हमाल खोकत होते.
मी मुळू दाबलं. पाचही बोटं, स्वच्छ.
तू पोकू लिहिलंस.
माल विकणारी बाई समोरच उभी होती, डिग्रजची,
पदरानं नाक झाकून.
मी गप्प बसलो.

तुझी साखर सगळ्या यार्डाला पाठ होती.
उपाशीपोटी दोनशे चाळीस, जेवल्यावरची विचारू नका.
चहा बिनसाखरेचा मागवायचास
आणि वर पेढा. "गणपतीचा आहे, त्याला कोण नाही म्हणतं?"
पायात घुसलेला खिळा तुला संध्याकाळी
मोज्यातल्या रक्तानं कळला, तेव्हा हसलो आपण.
कुणाला वाटलं होतं,
तीच गोडी वर चढून डोक्यातही बसेल?

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरला.
मेंदूत एक पांढरा भाग असतो म्हणाल्या,
नुसत्या तारा, इकडचं तिकडं पोचवणाऱ्या.
साखरेनं बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या
की त्या तारांवरचं आवरण झिजतं.
हे ठिपके बघा.
तुझा नेमिनाथ विचारत राहिला, विसरलेत का सगळं?
"विसरले नाहीत. पोचायला वेळ लागतोय."

मला हरिपूरची पेवं आठवली.
आत माल कोरडा, पिवळाधमक, जसाच्या तसा;
वर उभ्या माणसाच्या हातातला दोर तेवढा कुजलेला.
(पेवं पुरात गेली. ते वेगळं.)

आता रविवारी येतो मी तुझ्याकडे, गावभागात.
इन्सुलिन फ्रिजच्या दारात असतं, लिंबांशेजारी.
तू शर्टाचं बटण लावत असतोस,
तिसरं, मग परत दुसरं.
शंभरातून सात-सात वजा करत जा, असं सांगितलंय तुला.
त्र्याण्णव म्हणतोस, आणि खिडकीबाहेर बघत बसतोस.
मी रुमाल काढतो,
आपल्या हातांवर टाकतो,
अवारू दाबतो. आणि थांबतो.
पलीकडं कुणाच्या तरी कुकरच्या तीन शिट्ट्या होतात.
मग तुझी बोटं येतात. दोन. बरोबर.

परवा मी काही दाबलंच नव्हतं.
तूच माझा पंजा धरलास,
एकेक बोट मोजून आवळलंस.
"मुळू होतं ते," म्हणालास.
"डिग्रजच्या बाईचं."
आणि हात सोडला नाहीस.