गुरुवारी पाणी बंद

गेटवरच्या वहीत 'कामाचे स्वरूप' असा रकाना.
पहिल्या दिवशी मी लिहिलं : बसणे.
वॉचमननं दोनदा वाचलं
आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच लिहू लागला,
कुदळे, तिसरा मजला, बसणे.

मी नर्स नाही. पॅच, डायपर, औषधं
सिस्टर बघते, दिवसा.
मी रात्रीची.
विचारलं होतं, पोथी वाचू? "नको."
भजन लावू? "कान दुखतात."
भिंतीवरचे देव बायकोचे. ती गेल्यापासून
ते कुणाकडेच बघत नाहीत.

गेनबा कुदळे, महापालिकेत चावीवाले.
एकतीस वर्षं पहाटे चारला
खांद्याएवढी लोखंडी चावी घेऊन
सहकारनगर ते धनकवडी
रस्त्यातली झाकणं उघडायची, वाकायचं, फेरे मोजायचे.
अजूनही चारला डोळे उघडतात :
"पाणी सोडलं का?"

शैला चमचा घेऊन धावते.
ओठ मिटलेले.
काशीचा गडू फोडला, तरी मिटलेले.
पाचव्या रात्री माझ्या लक्षात आलं,
तहान त्यांची नव्हतीच.
मोरीतला नळ उघडून पाहिला,
आधी नुसती हवा, मग पाणी.
येऊन सांगितलं, "सोडलंय."
"फेरे किती?"
"तुम्ही सांगा."
"बावीस. सावकाश. एकदम उघडलं की पाइप फुटतो."

मग रोज तेच. माझ्या मनगटावर
त्यांची बोटं फिरायची, एक, दोन, तीन.
कधी नवाला झोप लागायची, कधी चौदाला.
बावीसपर्यंत एकदाच पोचलो.

शैलानं गॅलरीत नेऊन विचारलं,
"जीव कशात अडकलाय हो, माझ्यात की दादात?"
दादा चाकणला, दुसऱ्या पाळीत.
मी म्हटलं, "ड्युटीत."
ती हसली, मग तोंडात पदर.

बुधवारी रात्री दोन श्वासांत
एक अख्खी रिक्षा जाऊ लागली रस्त्यावरून.
दादाला फोन केला.
शैला पिंप भरत होती, बादल्या, पातेली, कुकरसुद्धा.
उद्या बंद.

चार वाजता डोळे.
"पाणी सोडलं का?"
मरणाऱ्याशी खोटं बोलायचं नाही,
माझा नियम असा एकच.
"आज गुरुवार, काका. बंद आहे."
बराच वेळ काही नाही.
मग, "अगं, मग झोपू दे की."
कूस वळवत नव्हती,
मानच तेवढी वळवली भिंतीकडे.

सहाला दादा आला, चपला हातात घेऊन.
आंघोळ घालायला पिंप भरलेलंच होतं.
शैलानं पाण्यात हात बुडवला,
म्हणाली, गार आहे फार,
थांबा, जरा कोमट करते.