जन्मस्थळाचा रकाना

शालन म्हणाली, एकदा तरी बर्फ बघू.
मासळी बाजारात सुरमईखाली असतं ते नव्हे,
आभाळातून आपणहून येणारं.

मी एकतीस वर्षं उद्यमबागेत लोखंड ओततोय.
शर्टाला ठिणग्यांची भोकं, भुवया निम्म्याच,
डावा कान ग्राइंडरनं कधीच नेला.
डिसेंबरात पहाटे तिसऱ्या गेटावर धुकं असतं,
सगळ्यांना गाडी आधी ऐकू येते, मग दिसते;
मला उलटं.
तेवढी थंडी मला पुरत होती.

पण पोरीनं टीव्हीवर नकाशा लावला
आणि आम्ही जेवता जेवता शहरं निवडायला बसलो,
शनिवार खुटावर वांगी निवडावी तशी,
देठाशी दाबून, परत टोपलीत टाकून.
प्रागचा पूल सुंदर, पण शालनचे गुडघे.
व्हिएन्नात बर्फ पडेलच असं कुणी लिहून देईना.
"हमी नसेल तर ॲडव्हान्स द्यायचा नाही,"
फाउंड्रीची वही सांभाळणारी बाई ती,
आभाळालाही उधारी देत नाही.
साप्पोरोला बर्फाचे पुतळे करतात म्हणे.
म्हणजे आलाच शेवटी साचा.
मला तर साच्याशिवाय थिजलेलं काहीतरी बघायचं होतं.

आठवडा तसाच गेला.
मग बसू इटगीच्या ऑफिसात गेलो, तिकिटांचं बघायला.
मी बसूशी कानडीत भांडतो,
तो माझ्याशी मराठीत हिशेब करतो,
पंचवीस वर्षांत कुणाचं काही बुडालेलं नाही.
त्यानं फॉर्म पुढे सरकवला. जन्मस्थळ?
पासपोर्टावर बेळगाम.
आधारवर बेळगावी.
आईच्या तोंडी बेळगाव, आणि बाळंतपण तर
हलग्याच्या वाटेवर, बैलगाडीतच झालेलं.
"एकच काहीतरी लिहा की ओ," बसू म्हणाला,
"तिथल्या साहेबाला तीन गावं कशी कळायची?"

पेन हातात धरून मी त्याच्या कॉम्प्युटरकडे बघत राहिलो.
कुठल्याशा रस्त्याचा कोपरा. पिवळी भिंत, सायकल, बर्फ.
भिंतीवर एकाच रस्त्याची दोन नावं,
दोन भाषांत, एकाखाली एक.
"हेलसिंकी," बसू म्हणाला. "वरची त्यांची.
खालचीपण त्यांचीच."
मी चष्मा पुसला. फोटो मोठा करायला लावला.
पाटीवर कुठे डांबराचा शिंतोडा दिसतो का बघितलं,
दगड लागून पोचा आलाय का ते बघितलं.
काही नाही. दोन्ही पाट्यांवर बर्फ होतं,
खालचीवर जरा कमी,
वरचीचा आडोसा झाल्यामुळे.

"काय बघूलालास एवढं?" शालननं विचारलं.
"काही नाही," म्हणालो. "हेच करू."
वाटेत सांगितलं, तिथे ट्राम आहे, गुडघ्यांना बरी.
खरं कारण सांगायचं राहिलं.
तिनंही विचारलं नाही,
पण जेवताना भाजी वाढता वाढता थांबून म्हणाली,
दोन दोन पाट्या, केवढा पत्रा लागत असेल.

रविवारी स्वेटर घ्यायला गेलो.
दर हिवाळ्यात तिबेटी लोक गाळे मांडतात तिथे.
बाईनं लोकर ताणून दाखवली, मग विचारलं, कुठे निघालात?
सांगितल्यावर तिनं तो स्वेटर घडी करून परत ठेवला.
"ह्यानं तिथं भागायचं नाही."
शालन म्हणाली, तुम्हाला काय, तुमचं तर बर्फातलंच गाव.
ती हसली. जन्म मुंडगोडचा,
मक्याच्या शेतात वाढली,
बर्फ तिनंही बघितलेलं नाही.
"पण आई सांगायची,
पडताना त्याचा आवाज होत नाही."

ती माझ्या डाव्या बाजूला उभी होती.
मी मान वळवून पुन्हा विचारलं,
काय होत नाही?