छाट

गुरुवारी चार वाजता, साखर पेठेत,
चादरींच्या दुकानावरच्या खोलीत
आठ खुर्च्या गोल मांडलेल्या असतात.
माझी दाराजवळची.
कुणी दिली नाही, मीच धरली.

आज सांगून टाकलं,
पुढच्या वेळेपासून येणार नाही, शिफ्ट बदलली.
शिफ्ट बदलली नव्हती.
मागच्या गुरुवारी इरेश जिन्यात म्हणाला होता,
ये बे नक्की, तू नसलास की करमत नाही.
त्या रात्री मला झोप आली नाही.

हत्तुरे मॅडमनी थांबवलं नाही.
पेनाला टोपण लावलं.
"हे ऐकून कुणाला काय झालं?"

पंखा.
खाली गिऱ्हाईक : डबल बेडची दाखवा, मोराची नको.
इरेश म्हणाला, राग आला.
आणि लगेच : तसा नाही, सहज.

बघा, मी म्हणालो, म्हणूनच.
सात नोकऱ्या सोडल्या,
सगळ्या कायम व्हायच्या आदल्या महिन्यात.
एक मुलगी, साखरपुड्याची साडी घेऊन झाल्यावर.
हे मी बढाईसारखं सांगतो
हे सांगतानाच पहिल्यांदा ऐकू आलं.

तेव्हा नरसूबाई बोलल्या.
चार महिने त्या नाव सांगून गप्प बसायच्या.
"मी बिडी वळते. हजार.
चेकर छाट काढतो, वाईट म्हणून मोडतो.
तो मोडायच्या आधी
मीच मोडते घरी, रात्री.
चांगल्या पण मोडते.
त्याला म्हणते, बघ, तुला काय ठेवलंच नाही."
आणि चिमटीत काही नसताना
काहीतरी मोडून दाखवलं.

कुणी धाग्याची उपमा काढली असती
तर मी उठलो असतो.
बापानं तीस वर्षं लूम चालवला, मला धागे नकोत.
पण ती रिकामी चिमटी.

"पैसे माझे जातात पोरा," त्या म्हणाल्या.
"चेकरचं काय जात नाही."

चहा आला. चहाच्या आधी मी निघतो, नेहमी.
तरी शाहीद दर वेळी नऊ ग्लास सांगतो,
मॅडमचा धरून.
माझा कोण पितं, मी आज विचारलं.
"गार होतो," तो म्हणाला. "ओतून देतो मोरीत."

बसून राहिलो. एक पाय दाराकडेच.
पुढच्या गुरुवारचं काही बोललो नाही.
चहा फार गोड होता.
तळाशी घोटभर ठेवला, सवयीनं.
नरसूबाई ग्लासाकडे बघत होत्या.