हललं ते जवळचं

चाळकेवाडीला सुट्टीवर आले ते
लॅपटॉपमध्ये अठरा तासांचं आकाश घेऊन.
उपग्रहाने एकाच जागी डोळा लावून टिपलेलं.
मला हवा होता आकाशगंगेभोवतीचा उष्ण वायू,
कोट्यवधी वर्षं गप तापत बसलेला.
पण सातव्या तासाला ऑक्सिजनची रेघ
उगाच वर चढली
आणि नवव्याला खाली बसली.

आप्पा चोवीस वर्षं पवनचक्क्यांची वही लिहितात :
कुठलं पातं कण्हलं, कुठल्या गिअरला तेल.
"काय अडलंय?"
सांगितलं, आप्पा, सूर्यावरनंही वारा येतो.
त्यात सात इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन असतो.
आपल्या अंगणातल्या विरळ हायड्रोजनकडून
तो एक उसना घेतो,
आणि घेताना क्ष-किरण सांडतो.
दुर्बिणीला वाटतं, लांबचंच काहीतरी.
रंग तोच, रेघ तीच.

आप्पांनी ठेचा पुढं सरकवला.
"लांबचं कधी दोन तासांत बदलतंय व्हय?
सज्जनगड काल हुता तिथंच आज हाय.
हललं ते जवळचं.
धुकं असंल, न्हाईतर डोळ्यातलं पाणी."

रात्री दुसऱ्या यानाची नोंद काढली,
सूर्याच्या बाजूला वाऱ्यात उभं असतं ते.
तिथे प्रोटॉन तासभर आधीच दाटलेले.
आलेखावर आलेख ठेवला, चढाला चढ बसला.
दोन तास कापून टाकले.
सोळा उरले.

मग झोप येईना.
जो वारा सोळाही तास एकसारखा वाहिला असेल,
चढला नाही, उतरला नाही,
तो कुठल्या रेघेत शोधू?
बाहेर पाती फिरत होती, घुम्म, घुम्म,
आणि आप्पा ओसरीवर गाढ.

पहाटे अडीचला लाईन गेली असावी.
एकेक करून चक्क्या थांबल्या.
आप्पा ताडकन उठून बसले.
"काय झालं?"
"काय न्हाय. आवाज थांबला."
बॅटरी घेऊन ते चढाकडं निघालेसुद्धा.

मी सहा वर्षांपूर्वीची फाईल उघडली :
आकाशाचा तोच तुकडा,
सूर्य निवांत असतानाचा.
रेघ अजून तिथं होती.
थोडी बुटकी.

किती, ते मोजायला बसले.