तपासनीस

नोटांच्या कारखान्यात चौतीस वर्षं
माझं काम एवढंच होतं: चूक शोधणं.
भिंग डोळ्याला, दिवा डावीकडून,
केसाएवढी रेघ तुटलेली दिसली
की अख्खा कागद बाद.
संध्याकाळी गेटवर हात वर करून झडती,
डब्यातली उरलेली भाकरीसुद्धा उलगडून दाखवायची,
आणि मग सिन्नर फाट्यापर्यंत चालत.

अल्फिया म्हणाली, काका, रविवारी माहितीपट आहे,
हिटलरच्या काळातला. माझ्याशेजारी बसा, मी सांगत जाईन.
गंगापूर रोडला कॉलेजच्या तळघरात
बावीस खुर्च्या, एक पंखा,
पडद्यामागून डोकावणारा फळा
आणि त्यावर कुणाचं तरी अर्धवट पुसलेलं गणित.

पडद्यावर एक म्हातारी. स्वेटरचं वरचं बटण तुटलेलं.
सतरा वर्षांची होते, म्हणाली,
नगरपालिकेच्या दप्तरात कारकून.
ज्यांच्या कार्डावर ते एक अक्षर उमटायचं
ती माणसं पुढे पत्त्यावर सापडायची नाहीत.
मग आम्ही कार्डंच नवी करायला लागलो.
शिक्का कुठून आणणार?
अंडं उकडायचं, सोलायचं,
गरम असतानाच खऱ्या शिक्क्यावरून फिरवायचं,
मग लगेच कोऱ्या कार्डावरून.
"अंडं नंतर वाटून खायचो. शाईसकट."
मागे कुणीतरी हसलं.
ती हसली नव्हती.

कॅमेरा कार्डाजवळ गेला
आणि माझा हात खिशात,
भिंगासाठी, जे आता तिथे नसतं.
गरुडाचा डावा पंख जाड.
वर्तुळ खालून चपटं.
शाई फुटलेली, तीन जागी.
बाद, मी पुटपुटलो.
अल्फियानं वळून पाहिलं.

म्हातारी सांगत होती:
स्टेशनवर एका तपासनिसानं
हेच कार्ड उजेडात धरलं. खूप वेळ.
गाडीनं शिट्टी दिली.
मग त्यानं ते माझ्या हातात ठेवलं. जा, म्हणाला.
त्याला दिसलं होतं की नव्हतं,
मला अजून कळलेलं नाही.

द्वारका चौकात रिक्षा अडकली तेव्हा
दादा आठवले.
पंचवटीत खोली मिळावी म्हणून
दीड वर्ष दुसरंच आडनाव लावून राहिलेले दादा.
घरमालकाला दाखवायला दाखल्यावर खाडाखोड,
निळ्यावर काळी शाई, इतकी ढोबळ
की कुणाही शाळकरी पोरानं पकडली असती.
मी पकडली. माझ्या नोकरीसाठी
पोलीस चौकशीला येणार होते त्या आठवड्यात.
म्हणालो, तुमच्या या भानगडीनं माझं नुकसान होईल.
ते काही बोलले नाहीत.
पत्र्याच्या पेटीचं कुलूप, आधीच लागलेलं,
पुन्हा पुन्हा दाबत राहिले.

तो देश वेगळा. ते मरण वेगळं.
मी तराजू घेऊन बसलेलो नाही.
मी फक्त शाई ओळखतो.

रात्री अकराला अंडं उकडत ठेवलं.
सोसायटीचा शिक्का माझ्याकडेच असतो.
विजेच्या बिलामागे
दादांचं ते उसनं आडनाव लिहिलं,
ठसठशीत, त्यांच्यासारखा र काढून.
अंडं बोटांना चटके देत होतं.
फिरवलं. पहिल्यांदा नुसताच डाग आला.
दुसऱ्यांदा अक्षरं आली, जांभळी, जरा घसरलेली,
'मर्यादित' मधला रफार गायब.

ट्यूबलाइटखाली धरून उभा राहिलो.
खूप वेळ.
मालगाडी गेली, भांड्यांच्या मांडणीत
एक पेला थोडा थरथरला.
मग कागदाची घडी केली
आणि पेटीत ठेवून दिली, दाखल्याजवळ.

दारात पुष्पलता उभी.
काय चाललंय, विचारलं नाही तिनं.
म्हणाली, ते अंडं तरी वाया घालवू नका.