पौष अवस, आगरवाडो

भरती साडेअकराला.
मानशीच्या फळ्या बापू आणि मी, दोघांनी उचलायच्या,
खाडी हवी तेवढीच आत घ्यायची
आणि फळ्या पुन्हा खाली.
मधे तासभर नुसतं बसणं.

कंदील मुद्दाम आणला नाही.
मोपाकडे विमानतळाचा उजेड आहेच,
आणि मोरजीच्या वाळूवरून कुणीतरी हिरवा लेझर
आभाळात फिरवतोय, गुरं हाकल्यासारखा.
तरी मृग हलत नाही.
चार खूर. पोटात तीन ताऱ्यांचा बाण.
मागे व्याध, एवढा झगझगीत
की शिकार लपवायची त्याला गरज वाटत नसावी.

भाऊ माझा तारवटी.
मागच्या खेपेला बोटीवरची दुर्बीण
तांदळाच्या डब्यावर विसरून गेला,
की ठेवून गेला, विचारलं नाही.
तिच्यातून बाणाच्या जरा खाली
एक डाग दिसतो,
काचेवर श्वास पडावा तसा.
काच ओढणीने पुसली.
डाग तिथेच.

तेजोमेघ, मी बापूला सांगते.
गार धूळ, गार वायू,
आपल्याच भाराने आत आत ढासळत जातो,
दाटतो, तापतो,
आणि एके ठिकाणी तारा धरतो.
मधोमध चार आहेत म्हणे, अगदी कोवळे,
त्यांच्यामुळे बाकीचा ढग उजळलाय.
ते चार मला दिसत नाहीत.
ही दुर्बीण जहाजं शोधायची.

बापू दुर्बीण उलटी धरतो, मग सुलटी.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
म्हापशाची तारीख दोनदा चुकवलेली.
"माका सगळीच नखेत्रां तशी दिसतत," म्हणतो
आणि दुर्बीण परत देतो.

शाळेत शिकले ती मृगाची जखम होती.
तेराशे वर्षांपूर्वी तिच्यातून निघालेला उजेड
आत्ता माझ्या पापणीवर.
एवढ्या काळात खपली धरायला हवी होती.
तारे धरतायत.

पाणी चढलं. फळ्या उचलल्या.
हात बधिर. खाडी आत आली,
अंधारात तिचा फक्त आवाज,
आणि एक खेकडा, तो माझ्या पायावरून गेला.
आमचे सतरा कोंडे होते, आता पाच.
बाकीच्यांत पाणी आहे, मीठ नाही.
कुणीतरी भराव टाकायचं विचारून गेलंय.
बापूने त्याला चहा दिला, उत्तर दिलं नाही.

मृग पश्चिमेला कलला, मग बुडाला.
मी बांधावरच डोळा लावला असणार.

उजाडताना शेवटच्या कोंड्यात
पाण्यावर साय दिसली,
इतकी पातळ की वाटलं, डोळ्यातली झोप असेल.
मी काही बोलले नाही.
बापूने लुंगी वर खोचली,
एक पाय आत टाकला, थांबला.
तळव्याने चाचपत राहिला,
काळोख्या खोलीत काडेपेटी शोधावी तसा.

"आयलां," म्हणाला,
जसं कुणी रात्रीच्या बसने येणार होतं
आणि बस वेळेवर आली.